हात सोड माय

हात बांधायला आम्ही रोलर बँडेज वापरतो. मनगटाला आधी कापसाचा जाड पट्टा, त्यावर बँडेजचे दोन वेढे, आपलं एक बोट आत जाईल इतकं सैल ठेवायचं आणि दुसरं टोक बेडच्या फ्रेमला बांधायचं. रेलिंगला बांधायचं नाही, कारण कोणी घाईत रेलिंग खाली केलं की पेशंटचा हात ओढला जातो. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. आयसीयूतल्या माझ्या पहिल्या आठवड्यात इनचार्ज सिस्टरनी रात्री अडीच वाजता शिकवलं आणि त्यानंतरच्या 16 वर्षांत मी किती हात बांधले असतील ते मोजायची माझी हिंमत नाही.

का बांधतो ते आधी सांगते. तोंडातून श्वासनळीत जाडजूड नळी घातलेली असते, घशाला ती सारखी टोचत असते, पेशंट अर्धवट शुद्धीवर आला की त्याचा हात सगळ्यात आधी नळीकडे जातो. कोणाचाही जाईल. ती नळी एका झटक्यात बाहेर आली आणि तेव्हा जवळ कोणी नसलं तर काही मिनिटांत माणूस जातो. नियमाप्रमाणे व्हेंटिलेटरच्या प्रत्येक पेशंटला प्रत्येक शिफ्टमध्ये एक नर्स पाहिजे. आमच्याकडे रात्री एका नर्सकडे तीन पेशंट, कधी चार, एकाला सक्शन करत असताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढत असताना, दुसऱ्याचा मॉनिटर ओरडत असतो आणि तिसऱ्याचं बीपी टिकवणारं औषध, नॉरॲड, संपत आलेलं असतं, मग आम्ही हात बांधतो. म्हणजे खरं कारण पेशंटचा हात नाहीच, आमचे हात कमी पडतात म्हणून त्याचे बांधले जातात. डॉक्टर राउंडला "बांधून ठेवा सिस्टर" म्हणतात, फाईलमध्ये बऱ्याच वेळा त्याची ऑर्डर नसते, किती वेळ बांधायचे, कधी सोडायचे, नातेवाईकांना कोणी सांगायचं, काहीच लिहिलेलं नसतं. सकाळी लेक भेटायला येते, बापाचे बांधलेले हात बघते आणि माझ्याकडे बघते.

मी मूळची अमळनेर तालुक्यातली, नोकरी जळगावला. पेशंट सगळ्या खान्देशातून येतात, पारोळा, चोपडा, शिरपूर, साक्री, वरून धडगाव-अक्कलकुवा. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण हे एका हॉस्पिटलचं नाहीये, आजपर्यंत तीन ठिकाणी काम केलं आणि तिन्हीकडे हेच बघितलं.

आबांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पारोळ्याकडच्या एका खेड्यातले, सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर बिडी, फुफ्फुसं पार पोकळ झालेली. पहिल्यांदा आले तेव्हा नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. नळी निघाली, दोन दिवस मास्कवर राहिले, मग चहा प्यायला लागले, चौथ्या दिवशी मला विचारलं की भरीत मिळेल का इथं, बिनतेलाचं चालेल पण वांगं भाजलेलं पाहिजे. त्यांचा आवाज बसलेला होता, नळीनंतर बसतोच. डिस्चार्जच्या दिवशी मी पंपाचं औषध कसं ओढायचं ते दाखवत होते तर त्यांनी माझं मनगट धरलं, अगदी जिथं आम्ही बँडेज बांधतो तिथं, आणि म्हणाले, "परत ती नळी नको टाकजो माय. घरमा मरू दे."

मी म्हटलं, असं नाही बोलायचं आबा, बरे झालात ना आता.

ते काही बोलले नाहीत. मलाही तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. आपल्याकडे मरणाबद्दल कोणी बोललं की समोरच्याला गप्प करणं हीच माया समजतात. मीही तेच केलं, आणि माझं तर शिक्षण त्याउलट होतं. त्या वेळी मी खुर्ची ओढून बसायला पाहिजे होतं. विचारायला पाहिजे होतं की आबा, नळी नको म्हणजे नेमकं काय नको, मास्क चालेल का, ॲडमिट व्हायला चालेल का, हे घरी पोरांना सांगितलंय का. पाच मिनिटांचं काम होतं. बाहेर दोन ॲडमिशन थांबलेले होते हेही खरं आहे.

आबांच्या आधीची एक गोष्ट सांगते, कारण विचारणं आणि ऐकणं हे माझ्या डोक्यात तिथून सुरू झालं. धडगावकडचा एक पोरगा होता, चौदा-पंधरा वर्षांचा, पावरा आदिवासी. रात्री जमिनीवर झोपलेला, मण्यार चावला. मण्याराचं असं असतं की चावलेलं फारसं दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दाताची खूणही नीट सापडत नाही, पहाटे पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास बंद. डोंगरातून खाली यायला वेळ गेला. आमच्याकडे आला तेव्हा पापणी उघडत नव्हती, बुबुळं मोठी आणि उजेडाला हलत नव्हती, चिमटा काढला तरी काही नाही. बघणाऱ्याला वाटावं मेंदूच गेलाय. पण मण्याराच्या विषात स्नायू लुळे पडतात, मेंदू जागा असू शकतो. माणूस आत पूर्ण शुद्धीवर असतो, ऐकत असतो, बोट हलवायची सोय नसते. हे पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेतही लिहिलेलं होतं. तरी त्याच्या उशाशी उभं राहून आम्ही काय काय बोललो. कोणी म्हणालं हा काही वाचत नाही, कोणी म्हणालं उगाच बेड अडलाय. मी म्हणाले नाही, पण मी कोणाला थांबवलंही नाही.

त्याच्या बापाचा अंगठा तीन कागदांवर घेतलेला होता. कागद इंग्रजीत, आम्ही मराठीत बोललो, बापाला पावरी कळायची आणि थोडी अहिराणी. गळ्याला भोक पाडून तिथून नळी टाकायची, ट्रेकिओस्टॉमी करायची वेळ येईल असं डॉक्टर म्हणाले आणि बापाला एवढंच समजलं की पोराचा गळा कापणार. तो उठून जिन्यात जाऊन बसला, येईचना. शेवटी आमचे वॉर्डातले एक मामा, साफसफाईचं काम करायचे, त्यांचं आजोळ तोरणमाळच्या बाजूचं, त्यांनी त्याच्या शेजारी पायरीवर बसून सगळं समजावलं. नळी का, किती दिवस, भोक नंतर बुजतं का, पोरगा बोलेल का. बापानं जे चार प्रश्न विचारले ते एखाद्या शिकलेल्या माणसानेही विचारले नसते, त्यात एक होता की पोराला हे सांगितलंय का. मामा म्हणाले, तो बेशुद्ध आहे. बाप म्हणाला, तरी सांगा.

मग मामांनी त्याच्या कानाशी वाकून पावरीत सांगितलं.

भोक पाडायची वेळच आली नाही. सहाव्या दिवशी पायाचं बोट हललं, मग भुवई, मग हळूहळू सगळं. नळी निघाल्यावर दोन दिवसांनी पोरगा मामांना म्हणाला की तुमचा आवाज मी ओळखतो. आम्ही काय बोललो होतो ते त्याला मराठीत किती कळलं होतं देव जाणे, मी विचारलं नाही, विचारायला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक पेशंटशी बोलते, जीसीएस तीन, म्हणजे शुद्धीचा सगळ्यात खालचा आकडा असला तरी. आबा, आता तुम्हाला कुशीवर वळवतेय. आजी, सुई टोचतेय, थोडं दुखेल. नवीन पोरींना आधी विचित्र वाटतं, मग सवय होते.

रुग्णहक्कांची सनद आमच्याकडे लिफ्टजवळ लावलेली आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 2018 मध्ये 17 हक्कांची सनद तयार केली, महाराष्ट्रात 2021 मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले आणि त्यात रुग्णांच्या हक्कांचा भाग घातला. माहिती मिळायचा हक्क, समजून संमती द्यायचा हक्क, खाजगीपणाचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा, बिलावरून बॉडी अडवून न ठेवण्याचा. चांगलं लिहिलंय, मी खरंच सांगते, उभं राहून सगळं वाचलंय. पण आयसीयूतला पेशंट स्ट्रेचरवर पाठीवर झोपून लिफ्टमधून येतो, त्याला छत दिसतं. त्याच्या वतीनं ते वाचणारं कोणीतरी हवं आणि 24 तास त्याच्याजवळ असणारं माणूस म्हणजे नर्स. आम्हालाच ते कधी कोणी समजावून सांगितलं नाही. ट्रेनिंग होतं ते हात धुवायचं, आग विझवायचं, बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या-लाल पिशव्यांचं.

खाजगीपणावरून एक बाई आठवते. आमच्या भागात कापूस, त्यामुळे फवारणीचं औषध घराघरात. जून ते ऑक्टोबर आमचा निम्मा आयसीयू त्याच पेशंटनी भरलेला असतो. टाचणीच्या टोकाएवढं झालेलं बुबुळ, तोंडातून फेस, तो लसणासारखा उग्र वास जो घरी जाऊन आंघोळ केली तरी नाकातून जात नाही. त्या विषावरचं औषध अॅट्रोपिन सुरू करतात, त्यानं पेशंट भ्रमतात, हवेत काहीतरी वेचत राहतात, आणि मग परत तेच, हात बांधा. ही बाई 25-26 ची असेल. नवऱ्यानं लिहून दिलेलं, फवारताना नाकातोंडात गेलं. चौथ्या रात्री ती पूर्ण शुद्धीवर आली, मी तिचं तोंड पुसत होते, तेव्हा म्हणाली की फवारणी तर माझा नवरा करतो, मी कधीच करत नाही. एवढंच. मग म्हणाली, कोणाला सांगू नका ताई.

काय करायचं माणसानं? विषाची केस म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवायची केस, पोलीस येणार, जबाब घेणार. तिनं विश्वासानं सांगितलेलं मी फाईलमध्ये लिहिलं तर ते नवऱ्याच्या कानावर जाऊ शकतं, तिला परत त्याच घरात जायचंय. नाही लिहिलं आणि ती घरी जाऊन परत प्यायली तर? मला तेव्हा हेही धड माहीत नव्हतं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम 115 मध्ये, आत्महत्येचा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं म्हटलंय, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची. तिला जी भीती होती त्यात एक भीती जेलची पण होती. मला माहीत असतं तर त्या रात्रीच सांगितलं असतं आणि तिचं तेवढं तरी ओझं उतरलं असतं.

मी जे केलं ते असं. तिला सांगितलं की हे एकट्या आमच्या डॉक्टर मॅडमना सांगते, दुसऱ्या कोणाला नाही, चालेल का. तिनं मान हलवली. मॅडमनी मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावलं, नवऱ्याला सांगितलं रुटीन आहे. पोलीस आले तेव्हा मी नवऱ्याला आणि सासूला पडद्याबाहेर काढलं, दारात उभी राहिले, एक लेडी कॉन्स्टेबल होती. बाईनं जबाबात काय सांगितलं माहितीये? फवारताना नाकातोंडात गेलं. मी ऐकलं आणि गप्प राहिले. तिचं तोंड, तिचा जबाब. आजही मला वाटतं की गप्प राहणं बरोबर होतं, आणि आजही जुलै लागला की ॲडमिशनच्या रजिस्टरमध्ये तिचं गाव दिसतंय का ते बघते.

तर आबा.

सात महिन्यांनी परत आले, अक्षय तृतीयेच्या आधी, म्हणजे आपल्या आखाजीच्या. उन्हाचा कहर होता, जळगावचा पारा 45 च्या पुढे. गावातनं गाडीत घालून आणले, रक्तात कार्बन डायऑक्साईड इतका चढलेला की हाक मारली तरी ओ नाही. बरोबर पुतण्या होता, त्याला काही माहिती नाही. लेक सासरहून निघालेली. मुलगा सुरतला साडीच्या मार्केटमध्ये कामाला, तो फोनवर, ताप्ती लाईनची गाडी पकडून येतो म्हणाला आणि ओरडून ओरडून एकच सांगत होता, काही पण करा, सगळं करा, पैशाचं बघतो मी.

मी आरएमओ, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टर सरांना म्हटलं, सर, हे मागच्या वेळी नळी नको म्हणाले होते.

सर तरुण होते, चांगले होते, त्यांचा हात नळी टाकायच्या लॅरिंगोस्कोपवर होता. म्हणाले, लिहून दिलंय का? कोणाला म्हणाले? घरच्यांना माहितीये का?

लिहून दिलेलं नव्हतं. म्हणाले ते मला. मी काही त्यांची कोणी नाही. आणि फोनवर सख्खा मुलगा सगळं करा म्हणत होता.

नळी टाकली. टेप मी लावला. सरांना मी दोष देत नाही, त्या क्षणी कागद नसताना, बोलता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत जीव वाचवायचा हाच नियम आहे आणि तो नियम असायलाच पाहिजे, नाहीतर कोणाच्याही ऐकीव बोलण्यावर कोणाचाही श्वास थांबवता येईल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आबा जागे झाले, छत बघितलं, मला बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी बांधलेला उजवा हात दोन इंच उचलला, बँडेज ताणलं गेलं, परत खाली ठेवला. नळीमुळे आवाज येत नाही पण ओठ हलतात आणि आम्हाला ओठ वाचता येतात. हात सोड माय.

मी सोडला. माझी शिफ्ट होती तेवढा वेळ शेजारी स्टूल घेऊन बसले, बाकीचे दोन पेशंट मैत्रिणीनं बघितले. आबांनी नळीला हात लावला नाही. एकदाही नाही. चादरीचा काठ बोटांत धरून पडून राहिले. रात्रीच्या शिफ्टला परत बांधले असतील.

त्या दिवसांत मी मोबाईलवर वाचत बसायचे, कायद्यात काय आहे. 9 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय की सन्मानानं मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो की माझ्यावर कोणते उपचार नकोत. लिव्हिंग विल म्हणतात त्याला. आधी ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावं लागायचं, कोण जाणार पारोळ्याच्या खेड्यातून, मग 24 जानेवारी 2023 ला कोर्टानंच ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. ज्याच्याकडे असा कागद नाही त्याच्यासाठीही रस्ता आहे, हॉस्पिटलमधल्या तीन डॉक्टरांचं एक मंडळ, त्यांचं मत झालं की दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला, दोन्ही मंडळांनी शक्यतो 48-48 तासांत सांगायचं, घरच्यांची संमती घ्यायची, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मी जिथं काम केलं तिथं असं मंडळ बसलेलं कधी बघितलं नाही. आणि या दोन्ही मंडळांत नर्सला जागा नाही. हे मला लागतं. जिला त्यानं मनगट धरून सांगितलं, जिला त्याचे ओठ वाचता येतात, तिला कोणी विचारायचं असं कुठेच लिहिलेलं नाही.

अशा वेळी अरुणा शानबाग आठवतातच. आमच्याच पेशातल्या. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि 18 मे 2015 ला त्या गेल्या, मधली जवळपास 42 वर्षं शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्याच हॉस्पिटलात, तिथल्या नर्सेसच्या हातात. त्यांना जाऊ द्यावं म्हणून केलेल्या अर्जावर 7 मार्च 2011 चा निकाल आला, त्यात कोर्टानं म्हटलं की त्यांचं जवळचं माणूस कोण तर केईएमचा स्टाफ, आणि स्टाफचं म्हणणं होतं की आम्ही सांभाळू. इतक्या वर्षांत अंगावर एक बेडसोर, पडून राहून होणारी जखम, नाही. ज्यांनी कोणाला एक आठवडा दर दोन तासांनी कुशीवर वळवलंय त्यांना विचारा याचा अर्थ काय होतो. आमच्यात यावरून दोन मतं पडायची, रात्रीच्या चहाला भांडणं व्हायची, एक मैत्रीण म्हणायची त्यांना सोडायला पाहिजे होतं, मी म्हणायचे ज्यांनी धुतलं-पुसलं त्यांनीच ठरवायचं. आता मला वाटतं आम्ही दोघी अरुणाताईंबद्दल बोलतच नव्हतो. त्यांना स्वतःला काय हवं होतं हे कळायचा मार्गच उरला नव्हता, तो कोणाजवळही नव्हता. आबांचा मार्ग होता. सात महिने मोकळा होता. पंपाचं औषध दाखवता दाखवता मी तो बंद केला होता.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी लेक आणि मुलगा दोघांना बसवून सांगितलं. नळी काढायचा दोनदा प्रयत्न झाला, जमत नाही, आता गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटरवर ठेवू शकतो, किती दिवस सांगता येत नाही, घरी बहुतेक मशीनशिवाय जाणार नाहीत. मी पण होते. मी तेव्हा सांगितलं, मागच्या वेळी आबा मला काय म्हणाले होते ते, त्यांच्याच शब्दांत. मुलगा भडकला. म्हणाला, आत्ता सांगताय? मी म्हटलं, हो दादा, आत्ता सांगतेय, चूक माझी आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडला. लेक रडली नाही. म्हणाली, माझ्याशी पण बोलले होते दिवाळीत, मीच गप्प केलं.

मग ती आत आली आणि आबांना विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. घरी जायचं का आबा? त्यांनी डोळे मिटून उघडले. मुलगा म्हणाला, परत विचार. परत विचारलं. परत डोळे मिटले, उघडले, आणि या वेळी मानही हलवली.

घरी न्यायची आमच्याकडे पद्धत म्हणजे लामा, लीव्ह अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेऊन जात आहोत, होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आमची, अशी छापील ओळ आणि खाली सही. डॉक्टरांनीच अर्धा तास बसून समजावलेलं असतं की आता हातात काही नाही, घरी नेलंत तरी चालेल, आणि कागद म्हणतो की सल्ल्याविरुद्ध. सगळ्यांना माहीत असतं की हे खरं नाही. मंडळं, 48 तास, न्यायदंडाधिकारी, एवढं करायला कोणाला वेळ नाही आणि कायद्याची भीती मात्र सगळ्यांना आहे, म्हणून हा कागद. त्याची सगळी झळ ज्याच्या हातात पेन असतं त्याला लागते. लेकीनं ओळ वाचली, सातवी-आठवी शिकलेली असेल, बोट फिरवत वाचली. मग मला म्हणाली, "म्हनजे आम्ही चुकीचं करी राह्यनूत का?"

मी म्हटलं नाही ताई. ही ओळ चुकीची आहे, तुम्ही नाही.

तिनं सही केली. तो कागद त्या फाईलमध्ये तसाच असेल अजून.

हात मी जळगावलाच सोडले. मनगटावर बँडेजचे वळ उमटले होते, खोबरेल तेल लावलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी, वॉर्डातले मामा, मुलगा. दर पाच सेकंदांनी ॲम्बू, हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबायची, मोजत. मुलगा म्हणाला मी दाबू का, मी दाखवलं, त्यानं बराच रस्ता दाबली, एरंडोलच्या पुढे हात थरथरायला लागले तेव्हा परत मी घेतली. रस्त्याच्या दोन्ही बाजूला उन्हानं करपलेली शेतं. घरात ओसरीवर कापूस पडलेला होता, भाव येईल म्हणून ठेवलेला, त्याच्या शेजारी खाट टाकली. आखाजी दोन दिवसांवर, गावातल्या लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, बायका तो सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

सक्शन केलं, टेप काढला, नळी काढली. मी काढली. त्या वेळी माझ्याकडे कोणाचीही लेखी ऑर्डर नव्हती आणि दम लागण्याचा त्रास कमी करायला मॉर्फिनचा एक थेंबही नव्हता. हे दोन्ही असायला पाहिजे होतं. माणसाला घरी पाठवायचं तर त्याची वेदना गेटवर सोडून देता येत नाही, त्याची सोय करूनच पाठवायला पाहिजे, हे मी त्यानंतर प्रत्येक वेळी भांडून सांगते आणि आता निदान आमच्या मॅडम ऐकतात. आबांनी पाण्यासाठी ओठ हलवले, लेकीनं चमच्यानं गंगाजल घातलं. त्यांचा हात मुलाच्या हातात होता, मोकळा. चाळीसेक मिनिटं गेली असतील. शेवटची काही मिनिटं त्रासाची होती, नव्हती असं मी म्हणणार नाही.

परत येताना मामा म्हणाले, सिस्टर, त्यांचा अंगठा घेतला असता ना मागच्या वेळीच.

आता मी विचारते. दम्याचे, किडनीचे, कॅन्सरचे जे पेशंट एकदा व्हेंटिलेटरवरून सुटून घरी निघतात त्यांना डिस्चार्जच्या दिवशी, कपडे घालून खुर्चीत बसलेले असताना विचारते की परत असं झालं तर काय करायचं. काही जण म्हणतात सगळं करा, मग तसं लिहिते. काही जण रागावतात, एका काकांनी माझी तक्रार केली की सिस्टर अशुभ बोलतात. मॅडमना बोलावून घेते, घरचं कोणी असलं तर त्यांच्यासमोर, नोटरीच्या कागदाची माहिती मराठीत टाईप करून ठेवलीये ती देते. नर्सिंग नोट्समधल्या ओळीला लिव्हिंग विलची किंमत नाही, मला माहितीये. पण लिहून दिलंय का असं कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं.

गेल्या महिन्यात धुळ्याकडच्या एक आजी होत्या, पंचाहत्तरच्या. मुलगा बिल भरायला खाली गेलेला. मी स्टूल ओढलं, बसले आणि विचारलं. त्यांनी आधी पदर नीट केला, जरा वेळ खिडकीकडे बघितलं आणि मग सांगितलं. आमच्या नोट्स सगळ्या इंग्रजीत असतात, बीपी, सॅच्युरेशन, इनटेक-आउटपुट. त्यात ती एक ओळ मी त्यांच्याच शब्दांत उतरवली, वेळ टाकली, सही केली, वाचून दाखवली आणि खाली त्यांचा अंगठा घेतला: "मास्क लावजो. गळामा नळी नको. पोऱ्याले नको इचारजो, माले इचार."